शितावरून भाताची परीक्षा : रक्ता-लघवीच्या एका तपासणीवरून अंगात किती औषध गेलं हे कळतं का?

कादवाकाठ

नमस्कार मंडळी.

निफाड तालुक्यात आमची साडेचार एकर द्राक्षबाग आहे. या हंगामात गोडी (फळासाठीच्या) छाटणीनंतर पाऊस हटायलाच तयार नव्हता. डावणी या बुरशीच्या रोगाच्या धास्तीनं रोज, नाहीतर दिवसाआड फवारणीचा ब्लोअर फिरत होता. ट्रॅक्टरवर गेली अकरा वर्षं एकच दादा आहेत. नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी त्यांना गरगरायला लागलं. दरदरून घाम, तोंडातून लाळ थांबेना, समोरचं धुरकट दिसायला लागलं. त्या आठवड्यात मॅन्कोझेब हे बुरशीनाशक तर चालूच होतं, शिवाय मिलीबग किडीसाठी खोडावर क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक मारलं होतं. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी उतारा म्हणून ॲट्रोपिन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं आणि रक्त कोलिनेस्टरेजसाठी पाठवलं. हे रक्तातलं एक एन्झाइम, अशा कीटकनाशकानं ते पडतं. रिपोर्ट आला ६,१०० युनिट. शेजारी छापलेलं होतं : नॉर्मल ५,३०० ते १२,९००.

डॉक्टरांनी निदान पंधरा दिवस औषधापासून लांब ठेवा म्हणून सांगितलं होतं. पण कागदावर ‘नॉर्मल’ दिसत होतं, बाग फुलोऱ्यात होती, आणि चौथ्या दिवशी मी दादांना पुन्हा ट्रॅक्टरवर बसवलं. निर्णय माझा होता.

आता मार्चमध्ये त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. फवारणीचं काम करतात हे ऐकून भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तीच तपासणी पुन्हा करायला लावली. लॅब तीच. या वेळी आकडा आला १०,४००. तोही नॉर्मल!

तेव्हापासून डोक्यात चक्र चालू आहे. एकाच माणसाचे दोन आकडे, दोन्ही नॉर्मल, आणि मध्ये एवढी तफावत. मग त्या नोव्हेंबरच्या कागदाला अर्थ काय होता? त्यापेक्षा लघवीतून थेट औषधच मोजलं तर खरं कळेल का? एकदा मोजून भागतं की परत परत मोजावं लागतं? आमच्याकडे फवारणीवर एकूण पाच जण आहेत. त्यांच्यासाठी काहीतरी नीट लावायचं आहे. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

परीक्षानळी

कादवाकाठ, मी एकोणीस वर्षं बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर काम करते. तुमचे दोन्ही रिपोर्ट बरोबर असणार. ते कसे वाचले, तिथे गडबड झाली.

छापलेली मर्यादा म्हणजे शेकडो निरोगी माणसांच्या आकड्यांचा पसारा. त्यात कुणी मुळातच ५,८०० वर असतो, कुणी १२,००० वर, आणि दोघंही ठणठणीत असतात. म्हणजे माणसा-माणसांत दुपटीचा फरक सहज असतो. पण एकाच माणसाचा आकडा, औषधाशी संबंध आला नाही तर, फारसा हलत नाही. म्हणून ही तपासणी माणसाची स्वतःशी तुलना करायला उत्तम आणि छापील मर्यादेशी तुलना करायला फार दुबळी आहे.

तुमच्या दादांचा मूळ आकडा १०,४०० धरा. नोव्हेंबरचा ६,१०० म्हणजे ४१ टक्क्यांची घसरण. कॅलिफोर्नियात शेतातल्या फवारणीवाल्यांसाठी १९७४ पासून वैद्यकीय देखरेखीचे नियम आहेत. तिथे मूळ आकड्यापेक्षा २० टक्के खाली गेलं की काम कसं चाललंय ते जाऊन बघायचं. प्लाझ्मातलं कोलिनेस्टरेज ४० टक्के किंवा तांबड्या पेशींतलं ३० टक्के खाली गेलं की माणसाला त्या कामावरून काढायचंच, आणि मूळ आकड्याच्या ८० टक्क्यांवर परत आल्याशिवाय घ्यायचं नाही. दादांच्या बाबतीत पहिली रेघ ८,३२० वर येते आणि दुसरी ६,२४० वर. ते दोन्हींच्या खाली होते. कागदावरचं ‘नॉर्मल’ त्यांच्यासाठी नव्हतंच.

आणखी एक. तुमच्या रिपोर्टवर ‘सीरम’ किंवा ‘प्लाझ्मा’ लिहिलं असेल. हे कोलिनेस्टरेज यकृतात बनतं, लवकर पडतं आणि काही आठवड्यांत भरून येतं. तांबड्या पेशींतलं वेगळं असतं. नसांवर जे काम करतं त्याचंच ते भावंड, म्हणून शरीरावरच्या परिणामाशी त्याचं नातं जास्त जवळचं. तांबड्या पेशीला नवं एन्झाइम तयार करता येत नाही, त्यामुळे नव्या पेशी येतील तसा आकडा वर सरकतो, दिवसाला जेमतेम एक टक्का. पेशीचं आयुष्य १२० दिवसांचं. म्हणजे प्लाझ्माचा आकडा गेल्या काही दिवस-आठवड्यांची गोष्ट सांगतो आणि पेशींचा गेल्या दोन-तीन महिन्यांची. दोन्ही एकत्र असले तर चित्र उमटतं.

आणि मॅन्कोझेब या तपासणीत दिसतच नाही. ते डायथायोकार्बामेट. नावात कार्बामेट असलं तरी कोलिनेस्टरेजला हात लावत नाही. पायरेथ्रॉइड, निओनिकोटिनॉइड ही कीटकनाशकंही नाहीत. ही तपासणी फक्त ऑर्गॅनोफॉस्फेट (तुमचं क्लोरपायरीफॉस त्यातलंच) आणि कार्बामेट कीटकनाशकांची. आकडा चांगला आला म्हणजे अंगात काहीच गेलं नाही, असं कुणालाही सांगू नका.

पांढरकवडा

२०१७ ची आठवण आली. तो पावसाळा आम्ही यवतमाळवाले विसरणार नाही. कपाशी डोक्याबरोबर वाढली होती, फवारणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर. पाठीवरच्या पंपाचा फवारा वरून परत अंगावर यायचा. वीसाहून जास्त माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. माझा मावसभाऊ त्या शेकड्यांतला एक. वाचला.

त्याचं रक्त घेतलं तेव्हा कुणी विचारलं नाही की याचा एरवीचा आकडा किती. विचारून तरी काय, एरवी कुणी मोजलाच नव्हता. परीक्षानळी ताई म्हणतात तो मूळ आकडा, म्हणजे बेसलाइन, कुणाचीच नव्हती. कारखान्यातल्या कामगाराला कायदा आहे, शिसं-पाऱ्याची विषबाधा झाली तर कळवणं बंधनकारक आहे. शेतातल्या गड्याला तो कायदा लागू नाही.

कादवाकाठ

परीक्षानळी ताई, खूप आभार. ६,२४० चा हिशोब कागदावर करून बघितला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो.

पांढरकवडा, भाऊ बरा आहे ना आता?

लघवीचा प्रश्न अजून उरलाय. क्लोरपायरीफॉसचा अंश लघवीत मोजता येतो असं वाचलं. ते जास्त थेट नाही का?

सरासरीपलीकडे

मी संख्याशास्त्रवाला आहे. मूळचा सांगलीचा, सध्या मुक्काम मँचेस्टर. पोटापाण्याचं कामच हे आहे, की लोकांच्या रक्ता-लघवीतले आकडे त्यांच्या वर्षभराच्या संपर्काबद्दल किती खरं बोलतात ते तपासायचं. थोडं लांबेल.

तुमच्या शीर्षकातली म्हण फार नेमकी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला सगळा भात एका आचेवर, एका पाण्यात शिजलेला असतो. कुठलंही शीत उचला, बाकीच्यांसारखंच असणार. पण दर घासाला वेगळ्या पातेल्यातलं शीत येत असेल तर?

क्लोरपायरीफॉस शरीरात मोडून ट्रायक्लोरोपिरिडिनॉल नावाचा पदार्थ होतो आणि लघवीवाटे जातो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं निघून जायला लागणारा वेळ, सुमारे २७ तास. म्हणजे सोमवारी अंगावर सांडलेल्याचा शुक्रवारी दहावा हिस्सासुद्धा उरत नाही. प्लास्टिकमधल्या बिस्फेनॉल ए चं अर्धायुष्य तर सहा तासांच्या आसपास, सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा एकमेकांना ओळखत नाहीत. उलट नॉनस्टिक आणि फेसाच्या अग्निशामकांमधली ती फ्लोरिनवाली रसायनं, पीएफओए-पीएफओएस, यांचं अर्धायुष्य काही वर्षांचं. आज मोजा, सहा महिन्यांनी मोजा, माणसाचा क्रमांक तोच राहतो.

हे मोजायला आमच्याकडे आयसीसी नावाचा एक आकडा असतो. वीस मजुरांची दहा वेगवेगळ्या दिवशी लघवी घेतली समजा. आकडे दोन कारणांनी वेगळे येतील : माणसं वेगळी म्हणून, आणि त्याच माणसाचा दिवस वेगळा म्हणून. एकूण फरकातला किती वाटा माणसांमुळे आहे, तो आयसीसी. १ च्या जवळ असेल तर एक नमुना पुरे. बिस्फेनॉल ए, ऑर्गॅनोफॉस्फेटचे लघवीतले अंश, काही थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारी रसायनं) यांचा आयसीसी बऱ्याच अभ्यासांत ०.१ ते ०.३ च्या घरात येतो. म्हणजे फरकाचा मोठा हिस्सा ‘आज कोणता वार होता’ एवढंच सांगतो.

आता हिशोब बघा. आयसीसी ०.२ असेल तर एका नमुन्याची विश्वासार्हता ०.२. तीन नमुन्यांची सरासरी घेतली तर ०.४३. सहांची ०.६. आणि ०.८ पर्यंत जायला सोळा नमुने लागतात. सोळा! पाच माणसांचे ऐंशी डबे. हे कुणाच्याही खिशाला परवडत नाही. यावर एक उपाय आहे. प्रत्येक माणसाचे अनेक दिवसांचे नमुने गोठवून ठेवायचे, मग प्रत्येकातून सारखा भाग घेऊन एकाच नळीत मिसळायचा आणि तपासणी एकदाच करायची. सरासरी तीच मिळते, खर्च एकाचा. संशोधनात हे आता रूढ होत चाललंय.

माझा खरा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. एका डब्यावर केलेल्या अभ्यासात ‘या रसायनाचा आणि आजाराचा संबंध आढळला नाही’ असं येतं आणि बातमी होते की रसायन निर्धोक आहे. मोजमाप एवढं डळमळीत असेल, तर खरा संबंध असला तरी तो पाचव्या हिश्शाइतकाच दिसतो. बाकीचा गोंगाटात बुडतो. ‘दिसला नाही’ आणि ‘नाही’ यात फरक आहे, आणि त्या फरकात माणसं राहतात.

परीक्षानळी

सरासरीपलीकडे, छान समजावलंत. एक विचारते. लोकांच्या अंगातली रसायनं मोजणारा अमेरिकेचा मोठा राष्ट्रीय सर्व्हे तरी एका वेळच्याच लघवीवर चालतो ना?

सरासरीपलीकडे

हो, आणि त्याच्या कामापुरतं ते ठीक आहे. देशात सरासरी किती आहे, दहा वर्षांत वाढलं की घटलं, हे हजारो लोकांच्या एकेका डब्यावरून नीट कळतं, कारण एकाचा चढा दिवस दुसऱ्याच्या उतरत्या दिवसाशी भरून निघतो. पण त्यातल्या एका माणसाकडे बोट दाखवून ‘हा जास्त संपर्कातला’ असं म्हणता येत नाही. समाजाचा आकडा आणि माणसाचा आकडा ही वेगळी कामं आहेत. कादवाकाठ यांना माणसाचा हवाय.

आणि अर्धायुष्य छोटं म्हणजे तपासणी वाया, असंही नाही. संपर्क रोजचा आणि सारखा असेल तर अर्धायुष्य कमी असूनही आकडा स्थिर राहतो. नळाखाली ठेवलेली गळकी बादली समजा. भोक मोठं असलं तरी धार अखंड असेल तर पातळी हलत नाही. एकाच विहिरीचं आर्सेनिकवालं पाणी रोज पिणाऱ्याच्या लघवीत आर्सेनिक महिनोन्‌महिने जवळपास तेवढंच दिसतं. फवारणीचं तसं नाही, तिथे धार कधी धो धो तर कधी बंद.

ओवी_सातारा

बादलीचं उदाहरण वाचून राहवलं नाही. मी गावपातळीवर आरोग्याचं काम करते. आमच्याकडे एका अभ्यासासाठी बायकांच्या लघवीत कोटिनिन मोजायचं होतं. घरातल्या पुरुषाच्या विडीचा धूर बाईच्या अंगात किती जातो ते बघायला. कोटिनिन म्हणजे निकोटिनचाच पुढचा अवतार, अर्धायुष्य पाऊण दिवसाच्या आसपास. पहिल्याच वाडीत आकडे असे चढे आले की विडी ओढणाऱ्या माणसाचेही एवढे नसतात. गावाबाहेरून आलेली मुलं गोंधळली.

त्यांनी फॉर्मवर विचारलं होतं, ‘तंबाखू ओढता का?’ सगळ्यांनी ‘नाही’ सांगितलं आणि ते खरंच होतं. मी एका आजींच्या न्हाणीघराच्या कोनाड्यातली पत्र्याची डबी आणून दाखवली. काळी भुकटी, बोटाला लागली की जात नाही. मशेरी. सकाळी, जेवल्यावर, झोपताना, दिवसातून तीन-चारदा. तंबाखू भाजून केलेली. आजींच्या लेखी ते दात घासणं होतं, तंबाखू नव्हे.

धार अखंड असल्यामुळे आजींचा आकडा कुठल्याही दिवशी तसाच आला असता. मोजमाप अगदी पक्कं होतं, पण ते कशाचं आहे हे डबी बघितल्याशिवाय कळत नव्हतं.

पाळीचा_भोंगा

ओवी ताईंचा प्रतिसाद सोन्यासारखा आहे. मी औद्योगिक आरोग्याचा डॉक्टर, बरीच वर्षं एमआयडीसीत. आमच्याकडेही अशा ‘डब्या’ निघतात.

छपाईच्या शाईत, थिनरमध्ये टोल्युइन असतं. पूर्वी त्याचा संपर्क मोजायला लघवीतलं हिप्युरिक आम्ल बघायचे. आता ज्या बरणीबंद लोणच्यात, सॉसमध्ये, सरबतात सोडियम बेन्झोएट टाकलेलं असतं, ते खाल्लं की शरीर त्याचंही हिप्युरिक आम्लच करतं. डब्यात लोणचं आणणारा हिशेबनीस आणि मशीनवरचा माणूस सारखेच दिसायला लागले. संपर्क कमी असेल तिथे ती तपासणी निरुपयोगी ठरली आणि जगभर ऑर्थो-क्रेसॉल किंवा लघवीतलं खुद्द टोल्युइन मोजायला सुरुवात झाली. बेन्झिनचंही तसंच. म्युकॉनिक आम्ल मोजतात, पण खाद्यपदार्थ टिकवायचं सॉर्बिक आम्लही शरीरात थोडंसं त्याच वाटेनं जातं. कमी पातळीवर फिनाइल मर्कॅप्ट्युरिक आम्ल जास्त भरवशाचं, आणि नमुना कामाची पाळी संपतानाच घ्यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी घेतलेला नमुना म्हणजे कोरा कागद.

आता शिसं. बॅटरीच्या कामातला माझा एक पेशंट आहे, रक्तातलं शिसं ६२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. कामावरून काढला, गावी पाठवला. तीन महिन्यांनी ३८. मालक म्हणाले, झालं, निघून गेलं. नाही हो! रक्तातल्या शिशाचं अर्धायुष्य महिनाभराचं, पण शरीरातल्या शिशाचा ९० टक्क्यांहून जास्त साठा मोठ्या माणसाच्या हाडात असतो आणि तिथे ते वर्षानुवर्षं, दशकं राहतं. रक्तातलं उतरलं की हाडातून झिरपतं. म्हणून जुन्या कामगारांचा आकडा एका पातळीला येऊन अडकतो, खाली जात नाही. बाईच्या गरोदरपणात आणि अंगावर पाजताना हाड विरघळतं तेव्हा तिच्या लहानपणीचं शिसंही बाहेर येऊ शकतं. एका रक्ताच्या आकड्यात आजचं काम आणि वीस वर्षांपूर्वीचं काम मिसळलेलं असतं. त्यांची फोड करायची तर मागचे रिपोर्ट शेजारी ठेवावे लागतात. म्हणून माझा आग्रह असतो की रिपोर्टची फाइल कामगाराच्या घरी असावी.

शिशासाठी झिंक प्रोटोपॉर्फिरिन म्हणून एक स्वस्त तपासणी आहे, तांबड्या पेशींवर बसते, त्यामुळे गेल्या तीन-चार महिन्यांचं सांगते. पण लोह कमी असलं तरी ती वाढते. आपल्याकडे रक्तक्षय इतका पसरलेला आहे की तिच्यावरून शिसं ओळखणं अवघड होऊन बसतं.

कादवाकाठ

तीन महिन्यांचं म्हणजे आपल्या आईवडिलांच्या शुगरच्या तपासणीसारखं?

पाळीचा_भोंगा

अगदी तेच. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, पेशी जगते तोवरची. उपाशीपोटीची साखर म्हणजे आजची लघवी, आणि एचबीए१सी म्हणजे गेल्या तिमाहीचं प्रगतिपुस्तक. अ‍ॅक्रिलामाइड, इथिलीन ऑक्साइड हेही हिमोग्लोबिनला असेच चिकटतात आणि तिथून मोजता येतात. सवडीनं कुणी याच धर्तीवर शेतीच्या औषधांसाठी स्वस्त तपासणी काढली तर मी त्या माणसाच्या पाया पडेन.

मालवणकिनारा

हल्ली कंपनीच्या तपासणीत माझ्या लघवीत आर्सेनिक खूप जास्त आलं. घरात रडारड. आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, आदल्या दिवशी जेवलात काय? कोळंबीचं कालवण आणि तिसऱ्या (शिंपल्या). म्हणाले, चार दिवस मासळी बंद, मग परत लघवी द्या आणि या वेळी अजैविक आर्सेनिक, म्हणजे विषारी ते, वेगळं मोजून घ्या. दुसरा रिपोर्ट साफ आला. मासळीत आर्सेनोबीटेन असतं, ते निरुपद्रवी, दोन-तीन दिवसांत निघून जातं, पण ‘एकूण आर्सेनिक’च्या आकड्यात मोजलं जातं. किनाऱ्यावरच्या लोकांनी हे लक्षात ठेवा, उगाच घाबरू नका.

रानवाट७

मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकतेय, राग मानू नका. रक्त काढून, डबे भरून काय मिळणार? औषध मुख्यतः कातडीतून आत जातं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. हातमोजे द्या, पूर्ण बाह्यांचा सदरा द्या, ब्लोअरला बंद केबिन द्या, वाऱ्याच्या दिशेनं चालवा, संध्याकाळी बागेतच आंघोळीची सोय करा. तो पैसा त्यात घाला. मजुराला पिंजऱ्यातला उंदीर करून त्याचं रक्त उतरलं का ते बघत बसायचं, हे मनाला पटत नाही.

परीक्षानळी

रानवाट, तुमचं म्हणणं रास्त आहे. आधी हातमोजे, हे शंभर टक्के. पण हातमोजे काम करतात की नाही हे कुणी सांगायचं? मी एका गटाची रक्तं तपासली होती, सगळ्यांना नवे मोजे दिलेले. एकाचाच आकडा पडत होता. घरी जाऊन बघितलं तर त्याच्या मोज्यात, अंगठ्याच्या बेचक्यात, टाचणीएवढं भोक होतं. आत औषध जमा व्हायचं आणि दिवसभर ओला अंगठा त्यात शेकायचा. उघड्या हातापेक्षा वाईट. आकडा पडला नसता तर ते भोक कुणालाच दिसलं नसतं.

पांढरकवडा

+१. आणि आकडा असला की मालकाला नाही म्हणता येतं. ‘मला बरं वाटत नाही’ यावर कामावरून सुट्टी मिळत नाही. कागदावर मिळते.

(कादवाकाठ, भाऊ बरा आहे. हात थोडे थरथरतात. शेती बटाईनं दिली.)

नवी_पालवी

मोठ्या शहरात ‘शरीरातली विषं शोधा’ अशी पॅकेजं निघाली आहेत. केस आणि लघवीतून तीस धातू एकदम. ते चालेल का कादवाकाठ यांना? माझ्या नणंदेनं केलं, तिला आधी एक गोळी दिली आणि मग लघवी घेतली, त्यात शिसं-पारा बरंच निघालं.

पाळीचा_भोंगा

नको, कृपा करून नको. ती गोळी धातू ओढून काढणारी असते. ती दिल्यावर कुणाच्याही लघवीत धातू वाढणारच, निरोगी माणसाच्याही. आणि मग तो फुगलेला आकडा गोळी न घेतलेल्या लोकांच्या मर्यादेशी ताडून ‘विषबाधा’ ठरवतात. विषशास्त्राच्या डॉक्टरांच्या संघटनांनी याविरुद्ध स्पष्ट लिहिलेलं आहे. नणंदेला म्हणावं, गोळी न घेता शिरेतून रक्त देऊन शिसं तपासून घ्या. बोटाला टोचून नको. बोटावरची धूळ आत गेली तरी आकडा चढतो.

केसांबद्दल मात्र एक खरी गोष्ट सांगतो. १९७१-७२ मध्ये इराकमध्ये पेरणीसाठी आलेलं, मिथाइल पारा लावलेलं गव्हाचं बियाणं लोकांनी दळून भाकऱ्या केल्या. साडेसहा हजार माणसं दवाखान्यात आली, ४५९ तिथेच गेली. डॉक्टर पोहोचेपर्यंत भाकरी खाणं थांबून महिने झाले होते आणि रक्तातला पारा उतरणीला लागला होता. तेव्हा केसांनी साथ दिली. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातला पारा आत पकडून ठेवतो. बायकांचे लांब केस सेंटिमीटर-सेंटिमीटर कापून मोजले, तेव्हा कोणत्या महिन्यात किती पारा अंगात होता, गरोदरपणाच्या कोणत्या टप्प्यात होता, हे मागे जाऊन वाचता आलं. मिथाइल पाऱ्यासाठी केस रोजनिशी आहे. पण बाहेरून बसलेली धूळ, रंग, शांपू यांमुळे इतर बऱ्याच धातूंसाठी ती रोजनिशी वाचता येत नाही. एका पॅकेजात तीस धातू म्हणजे तीस वेगळ्या भाषा एकाच कोशातून वाचण्यासारखं.

कादवाकाठ

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले, काल रात्री घरी मोठ्यानं वाचून दाखवले. दादाही बसले होते. ते एवढंच म्हणाले, “म्हंजे तवा मी खोटं बोलत नव्हतो.” मला उत्तर सुचलं नाही. नंतर त्यांची माफी मागितली.

माझा विचार असा. पाचही जणांची बेसलाइन आता घ्यायची. खुडा संपला, खरड छाटणीला अजून वेळ आहे, निर्यातीच्या बागेत खुड्याआधी बरेच दिवस कीटकनाशक बंद असतं, त्यामुळे वर्षातला हाच काळ अंगात सगळ्यात कमी औषध असण्याचा. ट्रॅक्टर तर जवळजवळ दोन महिने उभा आहे. मग गोडी छाटणीनंतर दर महिन्याला एकदा, आणि ऑर्गॅनोफॉस्फेट मारलं त्या आठवड्यात एक जास्तीची. लघवीचं सध्या बाजूला ठेवतो. बरोबर आहे का? काही सुटतंय का?

सरासरीपलीकडे

बरोबर आहे. फक्त बेसलाइन एका नळीवर उभी करू नका. तीही एक मोजमापच आहे, ती चुकली तर पुढच्या सगळ्या टक्केवाऱ्या चुकतात. कॅलिफोर्नियाच्या नियमात दोन नमुने घेतात, मध्ये किमान तीन दिवस, जास्तीत जास्त चौदा. दोहोंत २० टक्क्यांहून जास्त फरक आला तर तिसरा.

लघवीचं पुढे कधी मनावर घेतलंत तर क्रिएटिनिन मागून घ्या. मार्चच्या उन्हात पाणी न पिता राबणाऱ्याची लघवी घट्ट असते, आकडा उगाच मोठा दिसतो, तो क्रिएटिनिनने भागून सारखा करतात. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. धिप्पाड गड्याचं जास्त, वाळलेल्या म्हातारीचं कमी. भागल्यावर म्हातारीचा आकडा फुगतो. बायका-पुरुषांची तुलना करायची असेल तर लघवीची घनता मोजून केलेली दुरुस्ती जास्त सोयीची.

परीक्षानळी

पाचही जणांना आधी विचारा : कावीळ किंवा यकृताचं दुखणं होतं का, बाई असेल तर दिवस गेलेत का. प्लाझ्माचं कोलिनेस्टरेज यानंही उतरतं. काहींचं जन्मतःच फार कमी असतं. आर्य वैश्य समाजात हे इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं. अशा कुणाचा आकडा पहिल्यापासून तळाला आला तर घाबरू नका, पण त्याला तो कागद जपायला सांगा. भूल देताना वापरायचं एक औषध त्यांच्या अंगात तासन्‌तास टिकतं, डॉक्टरांना ते आधी माहीत हवं.

शक्य असेल तर तांबड्या पेशींचंही एकदा करून घ्या. जांभळ्या झाकणाची नळी, बर्फावर, त्याच दिवशी लॅबमध्ये. कार्बामेट मारलं असेल तर घाई आणखी महत्त्वाची, कारण ते एन्झाइमला सैल धरतं आणि नळीत ठेवल्या ठेवल्या सुटतं. दुपारी तीनला तपासलं तर सकाळचं पडलेलं वर आलेलं दिसेल. पाचही जणांचं, दर वेळी, एकाच लॅबमध्ये. लॅब बदलली, पद्धत बदलली की आकड्यांची तुलना संपली.

आणि प्रत्येक नळीच्या चिठ्ठीवर शेवटची फवारणी कोणत्या तारखेला, कोणतं औषध, किती तास, हे लिहा. लॅबला ते लागत नाही. तुम्हाला लागेल.

कादवाकाठ

आज सकाळी सहाला पाच जणांना घेऊन गेलो. दादांनी बाही आधी वर केली. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून दहा नळ्या, आठच्या आत लॅबमध्ये पोचल्या. दुसरे नमुने येत्या सोमवारी. वहीत पाच पानं पाडली आहेत, प्रत्येकाच्या नावानं. पहिल्या रकान्यात आजची तारीख आणि ‘शेवटची फवारणी : २३ जानेवारी’ लिहिलंय. आकडे आले की इथे टाकतो.